खोगिराआधी खरारा

घोडा म्हटला की आपल्या घरांतून दोनच प्रसंग आठवतात. एक लग्नाची वरात आणि दुसरी माथेरानची सुट्टी. वरातीत नवरदेव घोड्यावर बसतो, माथेरानला मुले बसतात. घरातील स्त्री दोन्ही वेळा बाजूने चालत असते. एकदा हातात आरतीचे ताबक घेऊन आणि एकदा पाण्याची बाटली घेऊन. तो घोडा सकाळपासून पाणी प्यायला आहे का, त्याच्या पायांतील नाल नीट बसले आहेत का, पाठीवर खोगिराखाली जखम तर नाही ना, हे आपण दोन्ही वेळा विचारीत नाही. भाडे ठरले, थोडी घासाघीस झाली, की आपल्या लेखी व्यवहार पूर्ण होतो.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या सुनेने जेवताना विषय काढला, तेव्हा क्षणभर कोणी काही बोलले नाही. मावळातील एका तबेल्यावर केवळ स्त्रियांसाठी शनिवार-रविवारचे निवासी शिबिर होते. घोड्याची निगा आणि रपेट या दोन्ही गोष्टी तेथे शिकविणार होते. जाहिरातीत 'वेलनेस' हा शब्द तीन ठिकाणी होता. "काकू, आपण तिघी जाऊ या," असे तिचे म्हणणे. दिरांचा आक्षेप अपेक्षेप्रमाणे रकमेविषयी होता आणि दुकानातल्या माणसाचा तो हक्कच आहे. जाऊबाईंचा आक्षेप मात्र निराळा होता. "मुक्या जनावराच्या पाठीवर निव्वळ हौसेखातर बसायचे, हे आपल्या घराला शोभते का?" असे त्या म्हणाल्या. मला तो आक्षेप बिनतोड वाटला. त्याचे उत्तर जाहिरातीत नव्हते; तेथे जाऊन, उघड्या डोळ्यांनी पाहूनच ते मिळण्यासारखे होते. बँकेत चौतीस वर्षे मी हेच केले. कर्जाचा अर्ज कितीही सुरेख लिहिलेला असो, गोदामाची पाहणी केल्याशिवाय सही करावयाची नाही.

पाहणीसाठी कसोटी हवी. ती शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत आपण सर्वांनी घोकलेले असतात : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आवळून बांधणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि खाणेपिणे अडविणे. हे पाच शब्द सावकाश वाचले, की ते गोठ्याच्या दारात उभे राहून ठरविले असावेत असे मला वाटते. ज्यांचा माल बैलांच्या आणि घोड्यांच्या पाठीवरून गावोगाव जात असे, त्या व्यापाऱ्यांना यांतील एकही शब्द समजावून सांगावा लागला नसेल. आपला माल आता ट्रकने जातो. शब्द तोंडपाठ राहिले, पाठ मात्र दिसेनाशी झाली.

आपल्या देशाचा कायदाही पुष्कळसा याच वाटेने गेलेला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ मध्ये ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठी नियम करण्यात आले. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक ओझे लादू नये, जनावराकडून दिवसाला एकूण नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यावी आणि जेथे पारा ३७ अंशांवर चढतो तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात काम घेऊ नये, असे ते नियम सांगतात. काटेरी लगामाला बंदी आहे. यातले किती पाळले जाते, हे वाचकांनी एखाद्या मे महिन्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी स्वतःच पाहावे.

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही अकरा जणी तबेल्यात उभ्या होतो. बहुतेकींच्या अंगावर नवे कपडे होते, कारण घोड्यावर बसून छायाचित्र काढावयाचे होते. हातात आली ती मात्र फावडी. घोड्याने रात्रभर केलेली लीद काढणे, ओला पेंढा वेगळा करणे, कोरडा पसरणे, पाण्याचे पिंप घासून भरणे, हे पहिले दोन तास. शिकविणारी बाई कमी बोलणारी होती. "पाठीवर बसणे हे शेवटचे काम आहे," एवढेच ती म्हणाली. तबेल्यातला वयस्क मोतद्दार एका कोपऱ्यात उभा राहून आमचे फावडे धरणे पाहत होता आणि हसू आवरीत होता.

त्यानंतर खरारा. हा शब्द माझ्या कानांवर पन्नास वर्षांनी पडला. लोखंडी किंवा रबरी दातांचा तो खरारा मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत गोल गोल फिरवावयाचा, म्हणजे वाळलेला घाम, धूळ आणि सुटलेले केस वर येतात. मग ब्रशाने ते झटकावयाचे. काम साधे आहे, परंतु ते करीत असताना घोड्याच्या अंगावरून हात फिरतो आणि कोठे सूज आहे, कोठे खोगीर घासले आहे, कोठे तो हात लावू देत नाही, हे कळते. खरारा म्हणजे रोजची तपासणी. जेथे पाहुण्याला थेट तयार खोगिरावर चढवितात, तेथे ही तपासणी कोणी केली असेल की नाही हे पाहुण्याला कधीच कळणार नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. केवळ कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. नवखा माणूस नेमका या दोन ठिकाणांहून जवळ जातो आणि मग घोडा बुजला म्हणून ओरडतो. डाव्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत, हात खाली ठेवून जावे. कान पुढे असले तर त्याला कुतूहल आहे. मागे चिकटून सपाट झाले तर आपण थांबावे. मला विशेष आश्चर्य वाटले ते त्याच्या पोटाचे. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरांचे असते आणि त्याला उलटी करता येत नाही. मोकळ्या कुरणात तो दिवसाचे बहुतेक तास थोडे थोडे चरत असतो. एकदम भरपूर चंदी तोबऱ्यात घातली, की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावूही शकतो. म्हणजे प्रेमाने पुढे केलेले चार लाडूही त्याला घातक. पाणी मात्र दिवसाला २५ ते ४० लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. अन्नपाननिरोध या शब्दाची बाजू अशी लिटरांत मोजता येते, हे त्या दिवशी लक्षात आले.

जाता जाता सांगावयास हरकत नाही : सर्वांनी घोड्यासाठी गाजरे आणली होती. आमच्या घरात कंदमूळ येत नसल्यामुळे जाऊबाईंनी सफरचंदाच्या फोडी आणल्या होत्या. घोडीला दोन्ही चालले.

दुपारी वजनकाटा आला आणि शिबिरातला सर्वांत अवघड तास सुरू झाला. स्वार, खोगीर आणि लगाम मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक भार पाठीवर असू नये, असा दंडक चांगल्या तबेल्यांतून पाळला जातो. आमच्यासाठी ठरविलेली घोडी ३८० किलोंची. तिचे २० टक्के म्हणजे ७६ किलो. सामानाचे ८ किलो वजा जाता उरले ६८. माझे वजन ५८, सुनेचे ५४. जाऊबाईंचे ७४ भरले. थोराड बांध्याचा एक घोडा तबेल्यात होता. परंतु त्याचा नाल आदल्या दिवशी निखळला होता आणि तो विश्रांतीवर होता. शिकविणाऱ्या बाईंनी त्याला बाहेर काढण्यास साफ नकार दिला. जाऊबाईंनी पूर्ण शुल्क भरले आहे, हे सुनेने निदर्शनास आणून दिले. त्यावर, "त्यातले रपेटीचे पैसे परत मिळतील, घोडा मिळणार नाही," असे उत्तर आले.

दहा अनोळखी बायकांसमोर आपले वजन मोठ्याने वाचले जाणे ही गोष्ट सोपी नव्हे. जाऊबाईंचा चेहरा उतरला. त्या बाजूला जाऊन बसल्या, आणि मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "ताई, तीस वर्षे मी प्रतिक्रमणात अतिभार म्हणते आहे. तो भार मीच असेन असे कधी मनात आले नव्हते." मला हसू आले, मग त्यांनाही. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्या शिबिराने आलेल्या गिऱ्हाइकाला दुखवून, पैसे परत करून, घोडीची पाठ राखली, त्या शिबिराविषयीचा माझा निम्मा अहवाल त्याच तासाला लिहून झाला.

दोन दिवस जाऊबाई जमिनीवरच राहिल्या. घोडीला दोरीने चालविणे, थांबविणे, वळविणे, खुरांतले खडे आकडीने काढणे, असे काम त्यांच्याकडे आले. खूर उचलण्यासाठी पायाला ओढावयाचे नसते. घोट्याच्या वर हलके दाबून वाट पाहावयाची असते. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून तो छाटून घ्यावा लागतो. तसे न झाल्यास घोडा पायाचा कल बदलून चालतो आणि सांधे बिघडतात. जाऊबाईंनी नालबंदाला इतके प्रश्न विचारले, की त्याने शेवटी त्यांनाच कानस हातात दिली. रविवारी दुपारी ती घोडी दोरी न लावता त्यांच्यामागे मैदानभर चालत होती. माझ्यामागे ती आली नाही, हेही नमूद करते.

मी घोडीवर एकंदर वीस मिनिटे बसले. चाल साधीच, चार ठेक्यांची. दुडकीचा प्रश्नच नव्हता. डोक्यावर हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण, पायांत थोड्या टाचेचे बूट, ओढणी नाही, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र सदऱ्याच्या आत. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ स्वाराची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि डावीउजवीकडे अशी तिन्ही दिशांना हलवीत असते, आणि ही हालचाल माणसाच्या स्वतःच्या चालण्यात होते तशीच असते. याच कारणाने चालण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी भौतिकोपचारतज्ज्ञ घोड्याचा उपयोग करतात. मला दुसऱ्या दिवशी मांड्यांत आणि पाठीत असे स्नायू आहेत हे कळले, ज्यांची आयुष्यभर खुर्चीवर बसून ओळख झाली नव्हती. एवढा 'वेलनेस' मी मान्य करते. दोन दिवसांत रक्तदाब उतरतो, हाडे बळकट होतात, असे कोणी सांगू लागल्यास मात्र पावती मागावी.

बायकांनी घोड्यावर बसणे हे नवे फॅड आहे, असे दीर म्हणाले होते. त्यांच्यासाठी एक जुनी हकीकत सांगते. कागलच्या घाटग्यांच्या कन्या आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे सत्ता गमावल्यानंतर फतेगडजवळ छावणी करून राहत होत्या. १८३५ मध्ये फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई तेथे जाऊन आली आणि तिने ते लिहून ठेवले. मराठी स्त्रिया दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसत. इंग्रज स्त्रिया एकाच बाजूला दोन्ही पाय घेऊन बसतात याचे त्यांना नवल वाटले. पार्क्सबाईंनी मराठी वेष करून त्यांच्या पद्धतीने रपेट केली आणि आपली पद्धत त्यांना त्यापुढे गैरसोयीची वाटली.

आणि एक नाव आपल्या मुलींना माहीत असावे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये, गरोदरपणात, पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पायांत बळ उरले नाही. घोड्यावर चढण्याउतरण्यास त्यांना दुसऱ्याचा हात लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वनियंत्रणाची स्पर्धा स्त्रियांना प्रथमच खुली झाली, आणि त्यांनी पुरुषांबरोबर स्पर्धा करून रौप्यपदक मिळविले. चार वर्षांनी पुन्हा मिळविले. या क्रीडाप्रकारात आजही स्त्री-पुरुषांची वेगळी स्पर्धा नसते. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत याच प्रकाराचे सांघिक सुवर्ण भारताला मिळाले, तेव्हा चौघांच्या त्या संघात सुदिप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोघी होत्या. उरलेले दोघे मुंबईचे हृदय छेडा आणि कोलकात्याचे अनुष अगरवाला.

आता ज्या घरांत असा विषय निघेल, त्यांच्यासाठी पाहणीची काही कलमे. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्या रोगाचे बीज असते. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो. त्याच्या तपासणीचा दाखला मागण्यात काही गैर नाही, चांगला तबेला तो आनंदाने दाखवितो. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल, मणक्याची वा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोगिरावर बसू नये. जमिनीवरचे काम करावे, ते कमी नाही. आरोग्यविम्यात साहसी खेळांचे जे अपवादाचे कलम असते ते सामान्यतः व्यावसायिक सहभागापुरते असते, परंतु वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी कंपनीगणिक निराळ्या असतात. जाण्यापूर्वी ती बारीक अक्षरे वाचावीत. खोगीर चामड्याचे नको असल्यास कृत्रिम धाग्याचे मिळते, आधी सांगावे लागते. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, हेही आम्ही विचारले होते. घोड्यांची संध्याकाळची वैरण आणि आमचे ताट एकाच वेळी पडे.

चाबूक दिसतो का, ते पाहावे. घोडे दिवसाचा काही वेळ मोकळे सोडतात की चोवीस तास बांधून ठेवतात, हे त्याहून आधी पाहावे. आणि एक प्रश्न मी मालकांना मुद्दाम विचारला. निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईला तो सुचणे साहजिक आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो, कामाला मात्र पुष्कळ आधी थकतो. पुढची वर्षे त्याने कोठे काढावयाची? मालकांनी मला मागच्या कुरणात नेले. तेथे दोन म्हातारे घोडे एकमेकांची आयाळ दातांनी खाजवीत उभे होते. त्यांच्या चाऱ्याचा खर्च शिबिराच्या शुल्कातून निघतो, असे ते म्हणाले. वही दाखवा, असे मी म्हटले आणि त्यांनी दाखविली. नोंद होती.

जाऊबाईंच्या आक्षेपाचे काय झाले, असे वाचक विचारतील. तो आक्षेप गेलेला नाही. हौसेसाठी जनावराच्या पाठीवर बसू नये, असेच त्या आजही म्हणतात आणि मोठा घोडा बरा झाल्याचा निरोप येऊनही त्या रपेटीला गेल्या नाहीत. सूनबाईंचे मत उलट आहे. जेथे पाठीची, पाण्याची आणि म्हातारपणाची काळजी घेतली जाते, तेथे वीस मिनिटांची रपेट हा त्या जनावराच्या पोटाचा आधार आहे, असे त्या म्हणतात. मी सुनेच्या बाजूची आहे, परंतु वजनकाट्याच्या अटीवर. लग्नसराईत डांबरी रस्त्यावर, फटाक्यांच्या आवाजात, तासन्‌तास उभ्या असलेल्या घोडीच्या बाबतीत मात्र आम्हा तिघींचे एकमत झाले आहे. घरातल्या पुढच्या लग्नात नवरदेव मोटारीतून येईल, हे दिरांनीही मान्य केले आहे.

परत आल्यावर जाऊबाई आमच्या गावच्या पांजरपोळात गेल्या. वर्षानुवर्षे आपण तेथे तिथीला चाऱ्याचे पैसे देत आलो. गायींच्या मागच्या पडवीत चार घोडे आहेत, त्यांपैकी दोन वरातीचे थकलेले. चारा भरपूर होता, पाणी स्वच्छ होते. खूर मात्र पुढून वाढून वर वळले होते. विश्वस्तांच्या अंदाजपत्रकात चारा, औषध, पगार, वीज अशी सर्व सदरे आहेत. नालबंद हे सदर नाही. दर सात आठवड्यांनी एक फेरी धरली, तर वर्षाला सात ते आठ फेऱ्या होतात. तो तक्ता मी करून दिला आणि विश्वस्तांनी पहिल्या वर्षासाठी मंजूर केला.

नालबंद येत्या मंगळवारी सकाळी आठ वाजता येणार आहे. घोडे धरण्यास चार जणी लागतील. जाऊबाई, सूनबाई आणि मी अशा तिघी झालो आहोत.